हिवाळ्याची बेगमी

पावसाळा तोंडावर आला की कोकणात आणि घाटमाथ्यावर घरोघरी बेगमी सुरू होते. लाकूडफाटा पडवीत रचला जातो. तांदूळ, डाळी, मीठ, मिरची भरून ठेवतात. चार महिने बाहेर पडता आले नाही तरी चूल पेटती राहिली पाहिजे, एवढाच त्यामागचा हेतू. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी मधमाश्या पाळणारे मधपाळही अशीच एक बेगमी करतात; पण ती स्वतःसाठी नव्हे, पेटीतल्या माश्यांसाठी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तेथे पाऊस असा कोसळतो की माशीला उडणे कठीण होते आणि फुलांतला मकरंद धुऊन जातो. जांभूळ, हिरडा यांचा बहर केव्हाच संपलेला असतो. अशा वेळी मधपाळ पेटीला आडोसा करतो, साखरेचा पाक देतो आणि वसाहत जगवतो.

आता हीच गोष्ट एका दूरच्या देशात नेऊन पाहू. तेथे माश्यांचा कठीण काळ पावसाळ्यात नव्हे, तर हिवाळ्यात येतो आणि तो चार नव्हे, जवळजवळ सहा महिने टिकतो. तो देश म्हणजे आयर्लंड. आपली अनेक मराठी कुटुंबे आज नोकरीधंद्यानिमित्त डब्लिन, कॉर्क अशा शहरांत राहतात. समजा, तुम्ही त्यांपैकीच एका घरातले आहात. मे महिन्यात तुम्हाला मधमाश्यांची पहिली पेटी मिळाली. उन्हाळाभर माश्यांनी क्लोव्हरच्या आणि ब्लॅकबेरीच्या फुलांवरून मध आणला. आता ऑगस्ट लागला आहे. तुम्ही काय कराल?

बहुतेक नवखे मधपाळ म्हणतील, ‘हिवाळ्याला अजून अवकाश आहे. नोव्हेंबरात थंडी पडली की पेटीवर पांघरूण घालू.’ पण नोव्हेंबरपर्यंत थांबणाऱ्याला फार उशीर झालेला असतो. शिवाय माश्यांना पांघरुणाची फारशी गरजच नसते. हे कसे, ते समजण्यासाठी आधी पेटीच्या आत काय घडते ते पाहू.

आयर्लंड हे अटलांटिक महासागरातले बेट आहे. समुद्रामुळे तेथील थंडी फार कडक नसते. जानेवारीतही दिवसाचे तापमान बहुधा पाच ते आठ अंश सेल्सियसच्या आसपास असते. बर्फ क्वचितच साठून राहते. मात्र पाऊस बारमाही, हवा दमट आणि वारा जोराचा. डिसेंबरात दिवस साडेसात तासांचाच असतो. माशीच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ एकच. फुले नाहीत आणि असली तरी तेथवर जाणे नाही.

मग माश्या काय करतात? बेडकासारख्या त्या निपचित पडून राहत नाहीत. तापमान १४ अंशांच्या खाली उतरू लागले की त्या पोळ्यांवर एकमेकींना बिलगून एक गोळा करतात. राणी माशी या गोळ्याच्या आत असते. बाहेरच्या माश्या डोके आत करून दाटीने बसतात आणि त्यांच्या अंगांचीच एक रजई तयार होते. आतल्या माश्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात. या थरथरण्यातून ऊब निर्माण होते. बाहेर पाणी गोठत असले तरी गोळ्याच्या मध्यभागी २० अंशांहून अधिक तापमान राखले जाते. पिलावा असेल तर ते ३४ अंशांपर्यंत नेले जाते. (अंडी, अळ्या आणि कोश यांना मिळून मधपाळ ‘पिलावा’ म्हणतात.) पाहा, आपण थंडीत कुडकुडतो तेव्हा आपले शरीरही हेच करत असते.

या चुलीचे सरपण म्हणजे मध. ज्या वसाहतीजवळ मध आहे, ती आयर्लंडची थंडी सहज सोसते. जिच्याजवळ नाही, ती एखाद्या साध्याशा थंड आठवड्यात मरून जाते. म्हणून मधपाळाने पेटी ऊबदार करण्याच्या मागे लागू नये. ऊब माश्या स्वतः करतात. भूक, ओल आणि रोग या तीन गोष्टींपुढे मात्र त्यांचे फारसे चालत नाही. मधपाळाचे काम तेथे सुरू होते.

आणि ते सुरू होते मध काढण्याच्या दिवशीच. ऑगस्टमध्ये वरच्या कोठीतल्या चौकटी मधाने जड झालेल्या असतात. घरात बरण्या धुऊन तयार असतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मध देण्याचे कबूल केलेले असते. अशा वेळी खालच्या कोठीतल्या चौकटींकडेही हात जातो. तो आवरावा लागतो. वरच्या कोठीतला मध तुमचा, खालचा माश्यांचा.

पूर्वी हा प्रश्न फार क्रूर रीतीने सोडवला जाई. युरोपात इतरत्र होत तशाच आयर्लंडमध्येही माश्या गवताच्या विणलेल्या टोपल्यांत ठेवत. पोळी टोपलीला आतून चिकटलेली असत. ती कापल्याशिवाय मध निघत नसे. म्हणून शरद ऋतूत टोपल्या उचलून पाहत. सर्वांत जड टोपलीत मध भरपूर, म्हणून ती मारायची. सर्वांत हलकी टोपली हिवाळ्यात तगणार नाही, म्हणून तीही मारायची. खड्ड्यात गंधक पेटवून वर टोपली ठेवली की काम संपत असे. मधल्या वजनाच्या टोपल्या तेवढ्या पुढच्या वर्षासाठी राहत. १८५१ साली लँगस्ट्रॉथ या अमेरिकन गृहस्थाने सुट्या, उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी तयार केली आणि माश्या न मारता मध काढणे सोपे झाले. आयर्लंडच्या गरीब पश्चिम भागात ही नवी रीत नेली ती ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ या सरकारी मंडळाने. ते १८९१ साली स्थापन झाले होते. अटलांटिकचा वारापाऊस सोसावा म्हणून दुहेरी भिंतीची एक लाकडी पेटी त्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. ‘सी.डी.बी. पेटी’ हे नाव तेथील मधपाळांच्या तोंडी अजूनही आहे.

तसे पाहिले तर आयर्लंडला मधमाशी फार जुनी. सातव्या शतकात तेथे केवळ मधमाश्यांविषयी एक कायद्याचा ग्रंथ रचला गेला. त्याचे नाव ‘बेख ब्रेथा’. आपल्या माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर चरल्या तर त्याचा हक्क काय, माशी डसली तर भरपाई किती, असे प्रश्न त्यात हाताळले आहेत. माशी डसल्यामुळे काँगल नावाच्या राजाचा एक डोळा गेला, असाही उल्लेख त्यात येतो!

मध काढून झाला की लगेच करायचे काम म्हणजे रोगाचा बंदोबस्त. व्हरोआ नावाची एक तांबूस रंगाची, टाचणीच्या डोक्याएवढी कीड आहे. गोचिडीसारखी ती माशीच्या अंगाला चिकटते आणि पिलाव्याच्या बंद घरांत वाढते. तिच्याबरोबर माशीला घातक असे विषाणूही पसरतात. आयर्लंडमध्ये ती पहिल्यांदा १९९८ साली स्लायगो परगण्यात आढळली आणि पुढे देशभर पसरली. ही कीड मूळची कोणाची, ठाऊक आहे? आशियाई मधमाशीची. आपली सातेरी त्याच जातीची. हजारो वर्षांच्या सहवासामुळे आशियाई माशीने या किडीशी जुळवून घेतले आहे. ती एकमेकींच्या अंगावरची कीड काढून टाकते आणि किडीची वाढही तिच्या वसाहतीत बेताचीच राहते. युरोपातल्या माशीला मात्र हे दुखणे नवे होते. तिची वसाहत दोन-तीन वर्षांत बसते.

ऑगस्टच का, हे नीट लक्षात घ्या. उन्हाळ्यातली कामकरी माशी सहा आठवडे जगते. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात जन्मणारी माशी मात्र वेगळी असते. तिच्या अंगात चरबी आणि प्रथिने साठवलेली असतात आणि ती पाच-सहा महिने जगते. वसंतातल्या पहिल्या अळ्यांना तीच भरवते. ही माशी कोशात असतानाच किडीने पोखरली, तर पेटीत कितीही मध असो, जानेवारीत तो खायला कोणी उरत नाही. म्हणून हिवाळी माश्या जन्मण्याआधी औषध द्यायचे. अनेक मधपाळ थायमॉल वापरतात. ओव्याला जो उग्र वास येतो तो याच पदार्थाचा. वेगळी ओळख करून द्यायला नको. हवा १५ अंशांहून अधिक उबदार असली तरच त्याची वाफ नीट पसरते. ऑक्टोबरच्या गारठ्यात तो ठेवून फारसा उपयोग नाही.

आता अन्नसाठा. आयर्लंडमध्ये एका वसाहतीला हिवाळ्यासाठी साधारण १८ ते २० किलो मध लागतो. तो मोजायचा कसा? तेथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘नॅशनल’ पद्धतीच्या पेटीत खालच्या कोठीत ११ चौकटी असतात. दोन्ही बाजूंनी पूर्ण भरलेल्या एका चौकटीत सुमारे सव्वादोन किलो मध मावतो. म्हणजे आठ भरलेल्या चौकटी हव्यात. समजा, तुम्हाला पाचच भरलेल्या दिसल्या. तर साठा झाला सव्वाअकरा किलो. सात किलोंच्या आसपास तूट आली. ही तूट साखरेने भरून काढायची. एक किलो साखरेपासून हिशेबाने सव्वा किलोच्या जवळपास साठा होतो, पण तो आटवताना माश्याही थोडे खातात. तेव्हा किलोला किलो धरावे, हे बरे.

पाक कसा करायचा, तेही सांगून ठेवतो. एक किलो पांढऱ्या साखरेला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी घ्यावे. पाणी गरम करून आचेवरून उतरवावे आणि त्यात साखर विरघळवावी. साखर करपू देऊ नये. गूळ किंवा तांबडी साखर अजिबात चालत नाही. आपल्याला गूळ पौष्टिक. पण हिवाळ्यात माशी अनेक दिवस पेटीबाहेर पडत नाही आणि विष्ठा पोटातच धरून ठेवते. गुळातली न पचणारी द्रव्ये तिला हगवण लावतात. दुकानातला मध तर कधीच देऊ नये. त्यात अळ्या कुजवणाऱ्या रोगाचे जंतू असू शकतात. पाक थंड झाल्यावर संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर, झाकणाखालच्या भांड्यात ओतावा. दिवसा ओतला आणि चार थेंब बाहेर सांडले, तर वासाने गांधीलमाश्या आणि दुसऱ्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. याच कारणासाठी पेटीचे दार बोटभर रुंदीचे ठेवतात. अरुंद दारावर मूठभर पहारेकरीही पुरे पडतात.

हे सारे सप्टेंबर संपण्यापूर्वी उरकले पाहिजे. कारण पाक म्हणजे साठा नव्हे. माश्यांना त्यातले पाणी उडवून, तो मधाइतका दाट करून, वर मेणाचे झाकण घालावे लागते. त्यासाठी ऊब लागते. दहा अंशांखाली माश्या पाकाला तोंडही लावत नाहीत, आणि उघडा राहिलेला पातळ पाक आंबतो.

सप्टेंबरात निसर्गही शेवटची एक पंगत वाढतो. जुन्या भिंतींवर आणि झाडांवर चढलेली आयव्ही नावाची सदाहरित वेल तेव्हा फुलू लागते, ती नोव्हेंबरपर्यंत. ऊन पडले की माश्या तिच्यावर तुटून पडतात. आयव्हीचा मध पोळ्यातच खडीसाखरेसारखा घट्ट होतो. तो विरघळवायला माश्यांना पाणी आणावे लागते. तरी परागासाठी आणि मधासाठी या वेलीला आयरिश मधपाळ फार मानतात.

याच सुमारास पेटीच्या दाराशी एक दृश्य दिसेल. कामकरी माश्या नरांना ओढून बाहेर काढत असतात. दाराबाहेर नर मरून पडलेले दिसतात. नवख्या माणसाला वाटते, काही रोग पडला. तसे नाही. हिवाळ्यात नराचे काम नसते आणि खाणारे तोंड मात्र असते. बेगमीचा हिशेब माश्याही करतात.

ऑक्टोबरच्या आरंभी तीन लहान कामे राहतात. दाराला नऊ मिलिमीटर व्यासाची भोके पाडलेली पत्र्याची पट्टी ठोकायची. तिच्यातून माशी जाते, उंदीर जात नाही. उबदार पेटीत उंदीर शिरला तर पोळी कुरतडून घरटे करतो. दुसरे, दोन कोठ्यांच्या मधली जाळी काढायची. राणीला वर जाऊ न देण्यासाठी ती उन्हाळ्यात घातलेली असते. हिवाळ्यात माश्यांचा गोळा मध खात खात वर सरकतो. जाळी राहिली आणि वरही मध असला, तर माश्या वर जातात, राणी खाली एकटी राहते आणि गारठून मरते. राणी गेली की वसाहत गेली. तिसरे काम वाऱ्याचे. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी ऑफेलिया नावाचे वादळ आयर्लंडवर आले. फास्टनेट या दक्षिणेकडच्या खडकावर त्या दिवशी ताशी १९१ किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला गेला. पेटी आणि तिची घडवंची एका पट्ट्याने आवळून बांधायची, ती अशा दिवसासाठी. झाकणावर जड दगड असला तर उत्तमच.

आता राहिली ओल. पावसाचे पाणी छप्पर नीट असेल तर आत येत नाही. पण पेटीत पाणी आतूनही तयार होते! एक किलो मध माश्यांनी खाल्ला की त्यातून सुमारे पाऊण लिटरच्या थोडे खाली पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे हिवाळाभरात दहा लिटरांहून अधिक. ही वाफ गार झाकणाला लागली की तिचे थेंब होतात आणि ते खाली माश्यांच्या अंगावर टपकतात. कोरडी माशी थंडी सोसते, भिजलेली सोसत नाही. म्हणून झाकणाखाली ऊब धरणारा एखादा थर घालतात आणि वाफ जायला वाट ठेवतात. ही वाट तळाच्या जाळीतून असावी की वरून, यावर जाणत्या मधपाळांचेही एकमत नाही. पेटी ओढ्याकाठच्या खळग्यात किंवा टपकणाऱ्या झाडाखाली ठेवू नये, याबद्दल मात्र वाद नाही.

एवढे झाले की सर्वांत अवघड काम येते. ते म्हणजे पेटी न उघडणे. आत माश्या जिवंत आहेत की नाहीत, हे पाहण्याची नवख्याला फार उत्सुकता असते. पण झाकण उचलले की कमावलेली ऊब जाते आणि गोळा विस्कटतो. मग कळावे कसे? पेटीला कान लावा, मंद गुणगुण ऐकू येईल. दारापुढे रोज दहा-वीस मेलेल्या माश्या दिसल्या तर घाबरू नका. म्हाताऱ्या माश्या जातातच. एखाद्या उन्हाच्या दुपारी माश्या बाहेर पडून घिरट्या घालताना दिसतील. पोट मोकळे करून त्या पुन्हा आत जातात. डिसेंबरात, पिलावा जवळजवळ नसतो तेव्हा, उरलेल्या किडीसाठी ऑक्झॅलिक आम्लाचे मान्यताप्राप्त औषध देतात. ते जाणत्या माणसानेच, हातमोजे घालून द्यावे.

दर पंधरवड्याला मात्र एक करा. पेटीची एक बाजू बोटभर उचलून वजनाचा अंदाज घ्या. ताणकाटा लावला तर अधिकच चांगले. ऑक्टोबरात उचललेल्या पेटीचे वजन वहीत लिहून ठेवलेले असेल, तर तुलना करता येते. ११ फेब्रुवारीला कॉर्क परगण्यातल्या बॅलीव्हर्नी येथे संत गोबनेटचा सण असतो. मधमाश्यांची रक्षणकर्ती म्हणून तिला मानतात. नेमक्या या दिवसांत पेट्यांना खरा धोका असतो. राणी पुन्हा अंडी घालू लागते, पिलाव्यासाठी तापमान वाढवावे लागते आणि मध भराभर संपतो. बाहेर फुले नसतातच. मार्चमध्ये पेटी उघडल्यावर कधीकधी एक वाईट दृश्य दिसते. माश्या रिकाम्या घरांत डोके खुपसून मरून पडलेल्या असतात आणि हातभर अंतरावरच्या चौकटीत मध तसाच असतो. थंडीत गोळा मोडून तेथवर जाणे त्यांना जमलेले नसते.

म्हणून पेटी हलकी लागली, तर मार्चची वाट न पाहता साखरेचा मऊ, कणकेसारखा गोळा झाकणाखालच्या भोकावर, थेट माश्यांच्या डोक्यावर ठेवावा. या वेळी पातळ पाक नको. त्याने ओल वाढते. मार्चमध्ये विलोच्या झाडांना मऊ, पिवळे तुरे येतात आणि माश्या पायांना पिवळ्या परागाच्या गोळ्या लावून परतू लागतात. पराग आत जात असेल, तर राणी बहुधा जिवंत आहे आणि पिलावा वाढतो आहे. तरीही पेटी उघडण्यासाठी वारा नसलेल्या, उबदार दुपारची वाट पाहा. आयर्लंडमध्ये अशी दुपार कधीकधी एप्रिल उजाडल्यावरच मिळते.

स्वाध्याय

१. हिवाळ्याच्या तयारीला ऑगस्टमध्येच सुरुवात का करावी लागते?
२. एका पेटीत सहा चौकटी दोन्ही बाजूंनी मधाने भरलेल्या आहेत. २० किलो साठा होण्यासाठी किती साखर लागेल?
३. ‘पाक म्हणजे साठा नव्हे’ हे वाक्य स्पष्ट करा.
४. महाबळेश्वरचा पावसाळा आणि आयर्लंडचा हिवाळा यांत मधमाशीच्या दृष्टीने कोणते साम्य व कोणता फरक आहे?
५. तुमच्या घरी किंवा गावात पावसाळ्याची बेगमी कशी करतात, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.